सिंधुदुर्गाचे कागद आणि सूचीचा खर्च

जुलै २०२५ मध्ये युनेस्कोने मराठ्यांच्या १२ किल्ल्यांना जागतिक वारशाच्या यादीत घेतले. त्यांतले विजयदुर्ग आणि सिंधुदुर्ग हे दोन किल्ले एकाच सिंधुदुर्ग जिल्ह्यातले. या निमित्ताने तटबंदीची डागडुजी होईल, धक्के सुधारतील, पर्यटकांच्या सोयी वाढतील, आणि त्या व्हायलाच हव्यात. पण १६६४ मध्ये कुरटे बेटावर ज्याची पायाभरणी झाली त्या सिंधुदुर्ग किल्ल्यात शिबंदी किती होती, तिचा पगार कोणत्या गावांच्या वसुलातून भागत होता, मालवण बंदरात उतरणाऱ्या मालावर जकात काय बसे आणि ती कोण माफ करून घेई, हे तटाचे दगड सांगत नाहीत. ते कागद सांगतात, आणि त्या कागदांपैकी कोणते कुठे आहेत हे सांगणारी एकसंध सूची या जिल्ह्यापाशी नाही. जुन्या कागदपत्रांसाठी कोकणात जो काही पैसा उभा राहील, सरकारचा, उद्योगांचा किंवा मुंबईकर चाकरमान्यांचा, त्यातला पहिला वाटा सूचीकरणाला मिळाला पाहिजे, हे या लेखाचे म्हणणे आहे. इमारत, स्कॅनर, प्रदर्शन ही सगळी त्यानंतरची कामे.

प्रश्न नीट समजायचा तर या किनाऱ्याचे कागद किती ठिकाणी विखुरले आहेत ते आधी पाहावे लागेल. मालवण दीर्घकाळ कोल्हापूरकर छत्रपतींकडे होते. १७६५ मध्ये इंग्रजांनी सिंधुदुर्ग घेऊन त्याला फोर्ट ऑगस्टस असे नाव दिले, पुढे पैसे घेऊन तो परत केला, आणि १८१२ च्या तहाने मालवण कायमचे त्यांच्याकडे गेले. म्हणजे त्याआधीचे कागद शोधायला कोल्हापूरच्या पुराभिलेखागारात जायचे आणि नंतरचे पाहायला मुंबईत. सावंतवाडीचे भोसले १९४८ पर्यंत संस्थानिक राहिले. त्यांच्याविषयीचा इंग्रजी पत्रव्यवहार मुंबई सरकारच्या राजकीय खात्याच्या बाडांत आहे, तसाच लंडनच्या ब्रिटिश लायब्ररीतल्या इंडिया ऑफिसच्या दफ्तरातही आहे. पेडणे, डिचोली आणि सत्तरी हे महाल अठराव्या शतकाच्या अखेरीस सावंतवाडीकर भोसल्यांकडून पोर्तुगीजांकडे गेले, त्यामुळे तिकडची निम्मी कहाणी गोव्याच्या पुराभिलेखात, पोर्तुगीज भाषेत, शेजारच्या राजांशी झालेल्या पत्रव्यवहाराच्या वह्यांत बसली आहे. सतराव्या शतकात वेंगुर्ल्याला डच ईस्ट इंडिया कंपनीची वखार होती. तिची पत्रे हेगला आहेत. संस्थान विलीन झाले तेव्हा सावंतवाडीचा कारभार रत्नागिरी जिल्ह्यात गेला आणि १ मे १९८१ रोजी पुन्हा नव्या सिंधुदुर्ग जिल्ह्यात आला. कारभाराचे ठाणे हलले की दफ्तर हलते, आणि दफ्तर हलताना काही गठ्ठे मागे राहतात, काही चुकीच्या कपाटात जातात. राज्याच्या पुराभिलेख संचालनालयाचे मुख्य कार्यालय मुंबईला, एल्फिन्स्टन कॉलेजच्या इमारतीत. शाखा पुणे, कोल्हापूर, नागपूर आणि छत्रपती संभाजीनगरला (पूर्वीचे औरंगाबाद). रत्नागिरी-सिंधुदुर्गाच्या अख्ख्या पट्ट्यात एकही नाही.

हे झाले बाहेर गेलेले कागद. जिल्ह्यात राहिलेले कागद याहून अडचणीत आहेत. तहसील कचेऱ्यांच्या अभिलेख कक्षांत फेरफार, हक्कनोंदणीची पत्रके, जन्ममृत्यूच्या नोंदी आणि कोतवाल बुके आहेत. १९४९ च्या कायद्याने खोती गेली, पण खोतांच्या घरांतली बोटखते, कबुलायती आणि फैसलनाम्यांच्या नकला माळ्यावरच्या पेट्यांत राहिल्या. देवस्थानांपाशी सनदा आहेत, मानपानाचे निवाडे आहेत, बारा-पाच मानकऱ्यांत कोणाचा नारळ आधी आणि कोणाचा नंतर यावरून झालेल्या तंट्यांचे कागद आहेत. सावंतवाडी, वेंगुर्ले, मालवण इथल्या जुन्या वाचनालयांत एकोणिसाव्या शतकापासूनची नियतकालिके आणि संस्थांची इतिवृत्ते आहेत. आणि या सगळ्यावर जूनपासून चार महिने पाऊस. किनाऱ्यावरची दमट, खारी हवा कागद मऊ करते, मग कसर आणि वाळवी बाकीचे काम उरकतात. गेल्या काही दशकांत गावोगावच्या देवळांचे जीर्णोद्धार झाले, जुन्या चिरेबंदी घरांच्या जागी स्लॅबची घरे आली. घर पाडताना तांब्यापितळेची भांडी जपून बाजूला काढली जातात. मोडीतले कागद कोणाला वाचता येत नाहीत, म्हणून ते रद्दीत जातात किंवा चुलीत. त्यात घरच्यांचा दोष नाही. जे वाचता येत नाही आणि ज्याची कुठे नोंद नाही, त्याचे मोल त्यांनी कशावरून ठरवायचे?

सूचीकरण म्हणजे नक्की काय, हे एका कागदावरून पाहिले तर त्याला पैसा का लागतो हे कळेल. एक रुमाल, म्हणजे कापडात बांधलेला कागदांचा गठ्ठा, सोडला. आत पुडकी, पुडक्यात घडी घातलेले बंद. एक बंद उलगडला तर वर 'सन समान सबैन मया व अलफ' असे लिहिलेले. समान म्हणजे आठ, सबैन सत्तर, मया शंभर, अलफ हजार. सुहूर सन ११७८, म्हणजे इसवी १७७७-७८. खाली 'छ' अक्षरापुढे मुसलमानी महिन्याची तारीख, ती जंत्रीवरून फिरवून घ्यायची. मग पाठवणारा कोण, घेणारा कोण, शिक्का कोणाचा, गाव कोणते. मजकुरातले 'मौजे' आज कोणत्या तालुक्यात आहे? त्याच नावाची दोन-तीन गावे कोकणात सर्रास सापडतात, तेव्हा आजूबाजूच्या गावांच्या उल्लेखांवरून ठरवावे लागते. शेवटी विषय दोन ओळींत: जकात, वतन, देवस्थान, गलबत, कर्ज, तंटा. आणि हा बंद कोणत्या रुमालातल्या कोणत्या पुडक्यात पुन्हा ठेवला, तो क्रमांक. या कामाला मोडी वाचणारा, महसुली परिभाषा जाणणारा आणि गावे ठाऊक असलेला माणूस लागतो, आणि तो एका दिवसात फार पुढे जाऊ शकत नाही. म्हणून सूचीचा जवळजवळ सगळा खर्च पगाराचा असतो, आणि तिथेच निधीचे घोडे अडते.

सूची झाली की काय होते याचा दाखला शेजारच्या गोव्यातच आहे. तिथल्या पुराभिलेखाची व्यवस्था पोर्तुगीजांनी १५९५ मध्ये सुरू केली आणि इतिहासकार दियोगु दु कोतु याला पहिला अभिलेखपाल नेमले. पण ते दफ्तर खऱ्या अर्थाने अभ्यासकांच्या हाती आले विसाव्या शतकात, सत्तरीतल्या पिसुर्ले गावचे पांडुरंग सखाराम पिसुर्लेकर तिथे प्रमुख झाल्यावर. पिसुर्लेकरांचे नाव आपण 'पोर्तुगेज-मराठे संबंध' या ग्रंथामुळे घेतो, आणि तो ग्रंथ मोठाच आहे. माझ्या मते त्याच्या बरोबरीचे त्यांचे काम म्हणजे १९५५ मध्ये प्रसिद्ध केलेली गोव्याच्या दफ्तरांची मार्गदर्शिका. कोणत्या मालिकेत कोणत्या काळाचे आणि विषयाचे कागद आहेत हे त्यांनी छापून टाकले, आणि वाडीकर भोसल्यांवर किंवा मराठी आरमारावर काम करणाऱ्याला पणजीला जाण्याआधीच कुठे हात घालायचा ते कळू लागले. विद्वानाचा ग्रंथ त्याच्या प्रश्नांची उत्तरे देतो. त्याची सूची पुढच्या माणसाला त्याचे स्वतःचे प्रश्न विचारू देते. पुण्याच्या पेशवे दफ्तराने हीच गोष्ट उलट बाजूने शिकवली. ते दफ्तर इंग्रज सरकारने दीर्घकाळ जवळजवळ बंद ठेवले होते. अखेर १९३० ते १९३४ या काळात गोविंद सखाराम सरदेसायांच्या संपादनाखाली त्यातून निवडलेल्या कागदांचे ४५ खंड निघाले, आणि मराठ्यांच्या राजकीय इतिहासाचे चित्र बदलले. पण ती निवड होती. मोहिमा, वकिलाती, तह यांना तिच्यात साहजिकच अग्रस्थान मिळाले. गावचा जमाखर्च, कुणबिणींची म्हणजे दासींची खरेदी-विक्री, दुष्काळातली सूट, बलुत्यांचे तंटे यांचे कागद बहुतांशी रुमालांतच राहिले, आणि पुढे समाजाचा इतिहास लिहू पाहणाऱ्यांना ते एकेक करून उपसावे लागले. निवडक कागद छापले म्हणजे दफ्तर खुले झाले, असा समज आपल्याकडे अजून आहे. तो सोडून द्यायला हवा.

हा फक्त इतिहासकारांचा विषय असता तर सार्वजनिक पैशाची मागणी इतक्या जोराने करता आली नसती. सावंतवाडी तालुक्यातल्या आंबोली, चौकुळ आणि गेळे या गावांचा कबुलायतदार गावकर प्रश्न पाहा. संस्थानच्या काळापासून या जमिनी गावकऱ्यांच्या सामाईक नावे होत्या. १९९९ मध्ये त्यांच्यावर महाराष्ट्र शासनाचे नाव लागले, आणि तेव्हापासून वाटपाचा तिढा वर्षानुवर्षे चालला आहे. वादाच्या मुळाशी संस्थानी कारभाराने गावाशी केलेला करार आहे. असे करार, त्यांच्या नकला, त्यांवरचे निवाडे कुठे आहेत याची सूची हाताशी असेल तर गावकरी आणि सरकार दोघेही एकाच कागदावर बोट ठेवून बोलू शकतात. दुसरा दाखला सगळ्या महाराष्ट्राने पाहिला. २०२३ मध्ये कुणबी नोंदी शोधण्यासाठी निवृत्त न्यायमूर्ती संदीप शिंदे यांची समिती नेमली गेली आणि जिल्ह्याजिल्ह्यांत विशेष कक्ष उघडले गेले. कोतवाल बुके, शाळांचे जुने दाखले, मोडीतले महसुली कागद एकेक करून चाळावे लागले, मोडी वाचणाऱ्यांचा शोध घ्यावा लागला. ज्या मराठा आरक्षणाच्या मागणीतून हे झाले तिच्या राजकारणात इथे शिरायचे नाही. पण ज्या कागदांवर माणसांचे हक्क अवलंबून आहेत ते शांततेच्या काळात सूचीबद्ध केले नाहीत, तर तोच खर्च नंतर घाईत करावा लागतो, आणि घाईत केलेल्या शोधावर कोणाचाच पुरता विश्वास बसत नाही.

मग पैसा का मिळत नाही? कायदा नाही असे नाही. केंद्राचा सार्वजनिक अभिलेख कायदा १९९३ चा, महाराष्ट्राचा २००५ चा. कायदा जबाबदारी नेमतो. पगार मात्र अर्थसंकल्पातून यावा लागतो. आपल्या योजनांची रचना अशी आहे की बांधकामाला पैसा सहज मिळतो, यंत्रसामग्रीला त्या खालोखाल, आणि तीन वर्षे बसून वाचणाऱ्या माणसाला सगळ्यांत कमी. राष्ट्रीय पांडुलिपि मिशन २००३ मध्ये सुरू झाले, २०२५ च्या केंद्रीय अर्थसंकल्पात ज्ञान भारतम् मिशनचीही घोषणा झाली. पण पांडुलिपि मिशनच्या व्याख्येत फर्माने आणि महसुली कागद यांसारखे ऐतिहासिक अभिलेख हस्तलिखितांहून वेगळे काढले आहेत. एखाद्या घरात ज्ञानेश्वरीची हस्तलिखित पोथी असेल तर तिची नोंद घ्यायला योजना आहे. शेजारच्या पेटीतल्या वतनाच्या सनदेला ती लागू होत नाही. वाचनालयांना १९६७ च्या कायद्याप्रमाणे अ, ब, क, ड वर्गांनुसार अनुदान मिळते, ते पुस्तके, नियतकालिके आणि वेतनातच संपते. कंपनी कायद्याच्या सातव्या परिशिष्टात वारशाचे रक्षण आणि सार्वजनिक ग्रंथालये यांचा स्पष्ट उल्लेख आहे, म्हणजे उद्योगांचा सामाजिक दायित्व निधी या कामाला देता येतो. पण देणाऱ्याला कोनशिला दिसावी असे वाटते, आणि सूचीला कोनशिला नसते. परदेशांत या अडचणीवर उपाय म्हणून फक्त सूचीकरणासाठी राखीव अनुदाने काढावी लागली. ब्रिटनमध्ये तिथले राष्ट्रीय अभिलेखागार, पिलग्रिम ट्रस्ट आणि वुल्फसन फाउंडेशन यांनी मिळून सूचीसाठी अनुदान योजना चालवली, आणि संग्रहाची आधी नुसती पाहणी करून अहवाल देण्यासाठीही वेगळी लहान मदत ठेवली. अमेरिकेत मेलन फाउंडेशनच्या पैशावर २००८ पासून काही वर्षे दडलेल्या संग्रहांच्या सूचीकरणाची योजना चालली, आणि डिजिटायझेशनची योजना तिच्या पाठोपाठ आली.

हा क्रम महत्त्वाचा आहे, कारण सूचीच्या मागणीला आज पहिला आक्षेप येतो तो स्कॅनिंगच्या बाजूने. सगळे कागद स्कॅन करून टाका, पुढे यंत्रच मोडी वाचील, सूची आपोआप होईल, असे आता जाणकारही म्हणतात. स्कॅनला माझा विरोध नाही; पावसाळ्यात गळणाऱ्या घरातला कागद आज टिपून ठेवणे केव्हाही चांगले. पण क्रमांकापलीकडे काही न सांगणाऱ्या हजारो प्रतिमा म्हणजे रुमाल एका कपाटातून दुसऱ्या कपाटात हलवणे आहे. यंत्राला मोडी शिकवायची तर आधी माणसांनी अचूक वाचलेली, तारीख-गाव-व्यक्ती लावलेली भरपूर पाने त्याच्यापुढे ठेवावी लागतात, आणि ती पाने सूचीकरणातूनच तयार होतात. डच कंपनीच्या दफ्तराकडे पाहा. हेग, जाकार्ता, कोलंबो, केप टाउन आणि चेन्नई इथे मिळून त्याची सुमारे अडीच कोटी पाने आहेत. त्यांवर आज यंत्राने हस्ताक्षर वाचण्याचे प्रयोग होतात ते आधी या संग्रहांच्या तपशीलवार सूच्या झाल्या म्हणून. वेंगुर्ल्याच्या वखारीची पत्रे कोणत्या बाडात असतील हे त्या सूचीवरून कळते. वेंगुर्ल्याच्याच एखाद्या घरात काय आहे हे मात्र कशावरूनच कळत नाही.

दुसरा आक्षेप कामाच्या आकाराचा. एकेका बंदाला इतका वेळ, तर सगळ्या जिल्ह्याला पिढ्या लागतील. हा हिशेब खरा आहे, पण प्रत्येक कागदाचा सारांश पहिल्याच फेरीत लिहायचा असे कोणी सांगितले? मार्क ग्रीन आणि डेनिस माइस्नर या अमेरिकी अभिलेखतज्ज्ञांनी २००५ मध्ये हाच मुद्दा मांडला: थोडे संग्रह बारकाईने लावत बसण्यापेक्षा सगळ्या संग्रहांची ढोबळ नोंद आधी करून ते वाचकांना उघडा. आपल्याकडे याचा अर्थ असा की पहिल्या फेरीत रुमालापर्यंतच जायचे: मालक कोण, ठिकाण कोणते, अंदाजे किती रुमाल, कोणत्या काळाचे, कोणत्या लिपीत, अवस्था कशी. ज्यांची अवस्था वाईट किंवा ज्यांचा उपयोग तातडीचा, त्यांची पुडक्यापर्यंत नोंद दुसऱ्या फेरीत, बंदापर्यंत तिसऱ्या. वर दाखवलेले बारीक काम करायचेच, पण ते कुठे करायचे हे पहिली यादी ठरवील. इतिहाससंशोधक वि. का. राजवाडे यांनी १८९८ मध्ये 'मराठ्यांच्या इतिहासाची साधने' या मालिकेचा पहिला खंड काढला तेव्हापासून आपण या कामाकडे एकट्या तपस्व्याचे काम म्हणून पाहत आलो. त्या तपश्चर्येपुढे नतमस्तक व्हावे. पण जिल्ह्याची व्यवस्था एका माणसाच्या पायपिटीवर उभी राहत नाही.

तिसरा आक्षेप सगळ्यांत गंभीर आहे आणि तो घराघरांतून येतो. कागद दाखवले तर सरकार घेऊन जाईल, भाऊबंद दावा लावतील, कुळे उभी राहतील, पूर्वजांचे एखादे कर्ज किंवा एखादा डाग चव्हाट्यावर येईल. याला भीती म्हणून उडवून लावू नये. खोती-कुळांच्या इतिहासात कागद नेहमीच हत्यार होता, आणि ज्याच्यापाशी कागद नव्हता त्याने त्याची किंमत मोजली. म्हणून सूचीची शर्तच अशी हवी की मालकी मालकाचीच राहील, मूळ कागद घरातच राहतील, आणि सूचीत काय दिसावे हे लेखी करारात ठरेल. हयात माणसांशी संबंधित अलीकडचे कागद ठरावीक वर्षे बंद ठेवता येतात. पण नोंद झाली की तो कागद अस्तित्वात आहे एवढे तरी जगाला कळते, आणि उद्या कोणी तो दडवला किंवा बदलला तर ते उघड होते. मोठ्या घराला हे गैरसोयीचे वाटेल. सार्वजनिक पैसा द्यायचा तर त्याच्या बदल्यात इतकी गैरसोय समाजाने मागावी असे मला वाटते, आणि ज्या घराला ती नको असेल त्याने अनुदान घेऊ नये. सरकारी कचेऱ्यांच्या बाबतीत तर ही सवलतही नको. तिथले तीस वर्षांपूर्वीचे कागद लोकांचे आहेत. त्यांची यादी दारावर टांगलेली असावी, आणि अर्ज केल्यावर पाहायला मिळण्याची मुदत ठरलेली असावी.

रुग्णालयात डॉक्टर नाहीत, रस्ते खड्ड्यात आहेत, त्यात जुन्या कागदांना पैसा कुठला, असेही कोणी विचारील. डॉक्टरचा पैसा काढून कागदांना द्या असे मीही म्हणणार नाही. पण वारशाच्या नावाने या जिल्ह्यात पैसा येतोच आहे, आणि वाटप त्याच्या आतले बदलायचे आहे. विजयदुर्ग आणि सिंधुदुर्गासाठी जी तरतूद होईल तिचा ठरावीक हिस्सा त्या किल्ल्यांशी संबंधित कागदांच्या सूचीला द्यावा. जिल्हा नियोजन समितीने निदान पाच वर्षांसाठी मोडी वाचणाऱ्या दोन-तीन जाणकारांचे मानधन मंजूर करावे. पुराभिलेख संचालनालय मोडीचे वर्ग घेतेच, तिथे शिकलेल्या मुलामुलींना पुढे काम मिळेल. मुंबईतली गावोगावची मंडळे देवळाच्या जीर्णोद्धाराला वर्गणी काढतात, तेव्हा देवस्थानच्या पेटीतल्या कागदांची यादी काम सुरू होण्याआधी करणे हा त्याच खर्चाचा भाग धरता येईल. पहिल्या फेरीसाठी तालुका निवडायचा तर मी सावंतवाडी निवडीन, कारण संस्थानची राजधानी तिथली, कबुलायतदार गावांचा प्रश्न तिथला, आणि दोडामार्गाच्या पलीकडे गोव्यात गेलेल्या महालांच्या कागदांशी दुवा तिथूनच लागतो. यादी मराठीत व्हावी, तिच्यात पणजी, कोल्हापूर आणि मुंबईच्या दफ्तरांतले याच गावांचे संदर्भ शेजारी नोंदवावेत. तिची एक प्रत ओरोसला जिल्हाधिकारी कार्यालयात, एक तालुक्याच्या वाचनालयात आणि एक ज्या गावाचे कागद त्या गावाच्या ग्रामपंचायतीत ठेवावी.